केक पॉपचं यंत्र आणि चॉकलेटचा लेप : आठ महिने वापरल्यानंतर

केक पॉप म्हणजे काडीवर खोचलेला, चॉकलेटचा लेप दिलेला केकचा छोटा गोळा. बारा खळग्यांचं विजेवरचं केक पॉप यंत्र घरात आलं त्याला आठ महिने झाले. एवढ्या काळात चारशेच्या आसपास पॉप झाले असतील. काही वाढदिवसांसाठी, काही नुसते खाण्यासाठी, आणि बरेचसे लेप मनासारखा जमेना म्हणून पुन्हा पुन्हा केलेले. दोन-तीन घाण्यांनंतरच मी हा अनुभव लिहिला असता तर तो चुकीचा झाला असता. पहिला महिनाभर मी सगळा दोष यंत्राला देत होते, आणि पॉप बिघडत होते ते भाजून झाल्यानंतर.

आधी यंत्राचंच सांगते. केकच्या मिश्रणाचे गोल गोळे भाजणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. खालचा खळगा काठोकाठ भरायचा, हे मला उशिरा कळलं. केक फुगेल म्हणून मी जागा सोडत असे आणि एका बाजूने चपटे गोळे मिळत. मिश्रणाला वरच्या अर्ध्या वाटीपर्यंत चढायचं असतं. माझ्या यंत्रात एका खळग्याला १५ मिलिलिटरचा एक सपाट चमचा लागतो आणि ४ ते ५ मिनिटांत गोळे तयार होतात. बिजागरीकडची रांग थोडी आधी तांबूस होते, म्हणून तिथून भरायला सुरुवात न करता मी ती रांग शेवटी भरते. मधोमध कंबरपट्ट्यासारखी कड उमटते, ती गार झाल्यावर बोटाने चोळली की निघते. न चिकटणारा थर अजून टिकून आहे. मी धातूचं काही लावत नाही, लाकडी काडीने गोळे उचलते आणि फवाऱ्याचं तेल मारत नाही, कारण त्याचा चिकट थर साठत जातो आणि मग घासावं लागतं. बिजागरीच्या खाचेत मिश्रण गळतं आणि तिथे कापड पोहोचत नाही, ही मात्र रचनेतली चूक आहे आणि दर वेळी त्रास देते.

दुसरी पद्धत यंत्राशिवायची. भाजलेल्या केकचा चुरा करायचा, त्यात बटरक्रीम किंवा गनाश (चॉकलेट आणि सायीचं घट्ट मिश्रण) मळायचं आणि हाताने गोळे वळायचे. तिसऱ्या महिन्यात मी हे करून पाहिलं आणि दोन वेगळे पदार्थ हाती आले. यंत्रातला गोळा हलका, जाळीदार, खाताना केकच वाटणारा. चुऱ्याचा गोळा दाट आणि ओलसर, जवळपास फजसारखा. लहान मुलांना पहिला जास्त आवडतो, माझ्याकडे तरी. सजावट करायची असेल तर दुसरा, कारण त्याला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि अस्वल, मांजर, भोपळा असा हवा तो आकार देता येतो.

चुऱ्याच्या गोळ्यात सगळं गणित क्रीमचं. माझं बसलेलं प्रमाण ३०० ग्रॅम केकला ६० ते ६५ ग्रॅम क्रीम. त्यातून २८ ग्रॅमचे १३ गोळे होतात. केकची तपकिरी कड आधी कापून टाकावी, नाहीतर चुऱ्यात कडक कण राहतात. मूठभर चुरा दाबला की एकसंध राहावा आणि तळहाताला तुपकटपणा लागू नये, एवढी खूण पुरेशी आहे. क्रीम जास्त झालं की गोळा काडीवरून हळूहळू खाली सरकतो. माझ्या पहिल्या घाण्यातले १३ पैकी ७ असेच चॉकलेटच्या भांड्यात गेले. गोळे तोलून घ्यायला कंटाळा येतो, पण वजन सारखं नसेल तर थंड होण्याचा वेळही सारखा राहत नाही, आणि पुढे सगळं त्यावरच चालतं.

काडी आधी दीड सेंटीमीटर चॉकलेटमध्ये बुडवायची, मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खुपसायची आणि ते चॉकलेट सुकेपर्यंत गोळ्याला हात लावायचा नाही. ही पायरी गाळून मी वेळ वाचवायचा प्रयत्न तीनदा केला. तिन्ही वेळा पॉप पडले.

आता लेप. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि मला सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळाला.

पहिले दोन महिने माझ्या पॉपना तडे जात. बुडवून उभे केले की सुंदर चकचकीत, आणि वीस मिनिटांनी टाळूपासून काडीपर्यंत एक सरळ भेग. मी लेप जाड केला, पातळ केला, चॉकलेट बदललं. कारण साधं होतं. गोळे थेट फ्रिजमधून येत होते. गार गोळ्यावर चॉकलेट झटकन आवळतं, आणि नंतर आतला गोळा खोलीच्या तापमानाला येताना फुगतो. बाहेरचं कवच आवळलेलं, आतला गोळा वाढतोय, मग कवच फुटणारच. हेच काडीपाशी तेल पाझरण्याचंही कारण आहे. फुगणारा गोळा आतला स्निग्धांश सापडेल त्या छिद्रातून बाहेर ढकलतो. तेव्हापासून मी गोळे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवते. हाताला गार लागावेत, थंडगार नाही. शिवाय काडीच्या मुळाशी लेप सगळीकडून बंद झाला की नाही, हे प्रत्येक पॉप फिरवून बघते. तडे जवळजवळ थांबले.

त्यानंतर मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला. आज यंत्र आणि थर्मामीटर यांतलं एकच ठेवायचं झालं तर मी थर्मामीटर ठेवीन.

कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो, त्यामुळे ते वितळवलं, बुडवलं, सुकलं, इतकं सोपं. मी ते ४० अंश सेल्सियसच्या आसपास वापरते. खऱ्या चॉकलेटचं तसं नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतं आणि चकाकी, तुटताना होणारा कट्कन आवाज, बोटांना न चिकटणं हे सगळं त्यातल्या पाचव्या रूपामुळे येतं. ते रूप मिळवण्यासाठी टेंपरिंग करावं लागतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२ पर्यंत न्यायचं. मी दोन तृतीयांश वितळवते आणि उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळत घालते, म्हणजे ते आपोआप गार होत जातं. पहिले चार प्रयत्न पांढरट आणि मऊ निघाले. पाचव्याला पहिला घास तुटला तेव्हा आवाज आला, आणि त्या आवाजासाठी मी पुन्हाही चार वेळा चुकायला तयार आहे. चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपाउंडचा मेणचटपणा जिभेवर रेंगाळतो, खरं चॉकलेट तोंडात विरघळून जातं.

एक चूक मी केली ती कोणी करू नये. उरलेलं कंपाउंड आणि उरलेलं डार्क चॉकलेट मी एकत्र वितळवलं होतं. ते दोन स्निग्धांश एकमेकांशी जुळत नाहीत. लेप धड कडक झाला नाही आणि चौथ्या दिवशी सगळ्या पॉपवर राखेसारखे डाग आले.

पाण्याबद्दल तर कितीही सांगितलं तरी कमीच. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंबभर पाणी गेलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. ओला चमचा, डबल बॉयलरची (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या भांड्याची) वाफ, आणि रंग! साधे जेल रंग पाण्यातले असतात. पांढऱ्या चॉकलेटला गुलाबी करायला मी तसल्या रंगाचे दोन थेंब घातले आणि अख्खं भांडं गेलं. चॉकलेटसाठी तेलातले रंगच हवेत. पातळ करायचं असेल तरी दूध-पाणी नाही, २०० ग्रॅमला छोटा चमचाभर वास नसलेलं तेल. पांढरं चॉकलेट करपतंही लवकर, म्हणून मायक्रोवेव्ह अर्ध्या ताकदीवर, वीस-वीस सेकंद आणि दर वेळी ढवळणं.

बुडवायला उभा, अरुंद ग्लास घ्यावा. एका पॉपला १०-१२ ग्रॅमच चॉकलेट लागतं, पण गोळा एका दमात पूर्ण बुडायचा तर ३०० ग्रॅम तरी वितळवावं लागतं. उरलेलं बटर पेपरवर ओतून सुकवते आणि पुढच्या वेळी वापरते. सरळ आत, सरळ बाहेर. आत ढवळलं की गोळा सैल होतो आणि चुरा चॉकलेटमध्ये उतरतो. बाहेर काढल्यावर काडी तिरपी धरून, सावकाश फिरवत, ज्या हातात पॉप आहे त्याच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलके थोपटावं. ग्लासच्या काठावर काडी आपटू नये, त्या धक्क्यानेही गोळा निसटतो. थोपटायला माझ्या मुलीचा हात माझ्यापेक्षा छान बसलाय. ती मोजते, पंधरा थोपट्यांत थेंब थांबतो.

सजावटीला हातात जेमतेम एक मिनिट असतं, कंपाउंडला त्याहूनही कमी. बारीक रंगीत दाणे लगेच टाकावेत. साखरेचे मोठे मोती जड असतात, ते ओल्या लेपावरून घसरतात, म्हणून लेप निस्तेज दिसू लागला की एकेक चिकटवावे. रेघा ओढायच्या तर पहिला लेप पूर्ण सुकू द्यायचा, मग पायपिंग बॅगचं टोक अगदी बारीक कापून पॉपच्या अलीकडून पलीकडे हात न थांबवता न्यायचा. हात थांबला की तिथे गाठ पडते. डोळे, नाक असे तुकडे मी वितळलेल्या चॉकलेटच्या थेंबाने टूथपिकवरून चिकटवते. हे शांतपणे करायचं काम आहे, आणि त्या शांतपणासाठीच मी पुन्हा पुन्हा पॉप करायला बसते.

उभं करायला सुरुवातीला थर्माकोल वापरला. त्याचे कण काड्यांना चिकटतात. आता भोकं पाडलेली जाड लाकडी पट्टी आहे. काड्या कागदाच्या, घट्ट गुंडाळलेल्या, १५ सेंटीमीटरच्या. पोकळ काड्या मी घेणं बंद केलं, त्या ओल्या होऊन वाकतात.

बटरक्रीमचे पॉप गार खोलीत दोन दिवस नीट राहतात. ताजी साय किंवा क्रीम चीज असेल तर फ्रिजशिवाय पर्याय नाही, आणि तेव्हा डबा घट्ट बंद हवा. बाहेर काढल्यावर तो तासभर उघडू नये. दव डब्यावर धरतं, पॉपवर नाही. मी एकदा घाईत उघडला, तर लाल दाण्यांचा रंग पांढऱ्या लेपावरून ओघळला होता, २४ पॉपवर, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी.

यंत्र घ्यावं का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. महिन्यातून दोनदा तरी करणार असाल आणि घरात लहान मुलं असतील तर जरूर घ्या, दीडशे पॉपनंतरही माझं पहिल्यासारखंच भाजत होतं आणि आजही भाजतंय. कधीतरीच करायचे असतील तर आधी वजनकाटा आणि थर्मामीटर घ्या, चुऱ्याच्या गोळ्यांवर हात बसवा. माझं यंत्र आता दर दुसऱ्या रविवारी निघतं, आणि सध्या मी मिल्क चॉकलेटच्या टेंपरिंगवर अडले आहे. ते २९-३० अंशांवर धरून ठेवताना शेवटच्या पाच-सहा पॉपपर्यंत घट्ट होऊ लागतं. ग्लासखाली कोमट, कोरडा टॉवेल ठेवून पाहते आहे.