फोटो जपायला हार्ड डिस्क की एसएसडी?
लॅपटॉपच्या आत एसएसडीच (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) हवी, त्यात वादच नाही. पण जुने फोटो भरून कपाटात ठेवून द्यायचे असतील, तर मी अजूनही हार्ड डिस्कच घेतो. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवते. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू झिरपून जातो. हार्ड डिस्कवरचा चुंबकीय ठसा त्या मानाने टिकाऊ. शिवाय तेवढ्याच पैशात जागा कितीतरी जास्त. नाजूक मात्र भारी! मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी चालू असताना टेबलावरून पडली, की कारभार आटोपलाच. माझी एक न पडताच गेली, पण आधी आठवडाभर टकटक करत होती. मीच कानाडोळा केला. एसएसडी बरेचदा तेवढीही कुरकुर न करता जाते.