शंभर वॉटचा टाकीतला हीटर : नऊ महिन्यांचा अनुभव

हीटर घेतला तो थंडीसाठी नव्हे, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी. गेल्या जुलैत कोल्हापुरात आठवडाभर ऊन नव्हतं, पाणी २३ अंशांवर आलेलं, आणि त्यातच मी दुकानातून आणलेल्या दोन मोली मासे थेट ५० लिटरच्या टाकीत सोडल्या. चार दिवसांत एंजल माशाच्या परांवर रवा चिकटल्यासारखे दाणे. मासे खड्यांवर अंग घासायला लागले. आई म्हणाली, "कांजिण्या आल्यात व्हय रं त्यास्नी?"

दुकानदारानं निळं औषध दिलं, मिथिलीन ब्लू. तीन दिवसांत ठिपके गेले, मी खूश. आठवड्यानं दुप्पट आले. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, तिथवर औषध पोचत नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून तळाला जातो, एकाची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच वेळात औषधाला सापडतात. थंड पाण्यात हे चक्र रेंगाळतं, गरम पाण्यात लवकर उरकतं. हीटर एवढ्यासाठीच. (निळ्या औषधानं फिल्टरमधले कामाचे जीवाणूही मारले, तो ताप वेगळा.)

दिवसाला दोन अंश करत पाणी ३० वर नेलं. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम मीठ तीन वेळांत विभागून, विरघळवून घातलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. तळाचा गाळ रोज नळीनं ओढला. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हेच. सातातले पाच वाचले.

आता हीटरबद्दल. डायल खोटं बोलतो : २८ वर ठेवला तर पाणी ३० होतं. वेगळा थर्मामीटर घेतल्यावर कळलं. हीटर काचेला धरून ठेवणारे रबरी कप चौथ्या महिन्यात कडक झाले आणि हीटरची नळी खड्यांत पडली. पाणी बदलताना वीस मिनिटं आधी प्लग काढायचा, नाहीतर गरम काच उघडी पडून तडकते. हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही. बिलाची धास्ती नको, सलग दहा तास पेटला तर एक युनिट.

डिसेंबरात मात्र मीच चुकलो. एंजलच्या तोंडाभोवती पांढरट कापूस दिसला आणि सवयीनं डायल वर फिरवला. दोन दिवसांत मासा गेला. बुरशीसारखा दिसणारा हा कापूस बरेचदा कॉलम्नॅरिस या जीवाणूचा असतो, आणि त्याला ऊब दिली की तो जास्तच फोफावतो. दाणे असतील तर ऊब, कापूस असेल तर डायलला हात लावायचा नाही, एवढं आता पाठ झालंय.

नवा मासा हल्ली तीन आठवडे वेगळ्या टबात असतो. एप्रिल लागल्यापासून हीटर बंदच आहे, तोही त्या टबाशेजारी ठेवलाय.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो डायलचा, एक रबरी कपांचा.