ऑइल लाइफ १०० टक्के, ऑइल मात्र जुनंच: चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मेच्या शेवटी सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. २०१८ची, १५०० सीसी, बीएस-४. कंपनीने भारतातून गाशा गुंडाळलाय, म्हणून स्वस्तात पडली. डॅशबोर्डच्या मेनूत खोल शिरलं की एक ओळ दिसते: ऑइल लाइफ, आणि पुढे टक्के, म्हणजे ऑइलचं आयुष्य किती उरलंय ते. जुन्या गाडीत हे काम दाराच्या आत चिकटवलेला पिवळा स्टिकर करायचा. आमचे मिस्त्री त्यावर बॉलपेनने पुढच्या ऑइलचा आकडा लिहायचे, आणि तो कायम ५००० किलोमीटर पुढचाच असायचा. गाडी कुठली, चालवणारा कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

नव्या गाडीचे टक्के दाखवले तर म्हणाले, "सर, ऑइल काय टीव्ही बघून बदलतेत व्हय?"

मला वाटायचं, आत एखादा सेन्सर असेल, ऑइलची चव घेत असेल. तसं काही नाही. बहुतेक गाड्यांत हा फक्त हिशेब असतो. मर्सिडीजने नव्वदच्या दशकाच्या शेवटी खरोखर ऑइलमध्ये बुडणारा सेन्सर दिला होता, पण तो अपवाद. मूळ पद्धत जनरल मोटर्सची. १९८८ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती पहिल्यांदा आली. शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी हे त्यामागचे संशोधक. त्यांची कल्पना अशी: एकदा भरलेल्या ऑइलमागे इंजिनाच्या फेऱ्यांचा ठरावीक कोटा धरायचा. इंजिन फिरेल तसतसा कोटा कमी होतो. पण सगळ्या फेऱ्या एका भावाने कापत नाहीत. ऑइल थंड असताना किंवा प्रमाणाबाहेर तापलेलं असताना फिरलेली फेरी जास्त कापते. जुन्या मोबाइल रिचार्जसारखं: टॉकटाइम तेवढाच, पण रोमिंगमध्ये मिनिटाला जास्त कटायचे. तापमानसुद्धा बऱ्याचदा थेट ऑइलचं नसतं, कूलंटवरून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावरून, काढलेला अंदाज असतो. वर दिवसांची मर्यादा असतेच. माझ्या पुस्तिकेत वर्ष किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते.

थंड ऑइल महाग का? इंजिन गार असताना जळण नीट होत नाही. थोडं डिझेल आणि वाफेचं पाणी पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी लांब चालली तर त्यातलं बरंचसं तापून उडून जातं. दोन किलोमीटरवर इंजिन बंद केलं तर तिथंच राहतं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं त्यातच खर्ची पडतात.

वाचून पटलं होतं, पण खात्री झाली ती स्वतःच्या आकड्यांनी. मी लातूरचा, ठिबकच्या सामानाचा धंदा. जून ते ऑगस्ट अंबाजोगाई, परळी, परभणी, जालना अशी फिरती. त्या अडीच महिन्यांत ४,३१० किलोमीटर झाले आणि टक्के १०० वरून ५८ वर आले. म्हणजे टक्क्याला शंभरेक किलोमीटर. पुस्तिकेतला आकडा बरोबर निघाला, मी खूश.

सप्टेंबरमध्ये लेकीची नीटची क्लास सुरू झाली. लातुरात क्लास म्हटलं की बाकी काय सांगायचं. घर ते क्लास अडीच किलोमीटर, सकाळी सोडायचं-आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं-आणायचं. त्यात पाऊस. तापमानाचा काटा अर्ध्यावर येईपर्यंत क्लासचं गेट यायचं. दीड महिन्यात गाडी जेमतेम ७९० किलोमीटर चालली आणि टक्के ५८ वरून ४१! टक्क्याला फक्त ४६ किलोमीटर. दिवसांमुळे म्हणाल, तर वर्षाच्या हिशेबाने दीड महिन्याचे साडेबाराच कटायला हवे होते, इथे १७ गेले.

आता ४६ ला शंभराने गुणा. ४,६०० किलोमीटर. म्हणजे मिस्त्रींचा पाच हजारांचा स्टिकर! त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं कोण? दुकान ते घर, घर ते शाळा करणारी. त्यांच्यासाठी पाच हजार बरोबरच होते. कंपनीचे दहा हजार हायवेवाल्यांचे. मी एकाच वर्षात दोन्हीकडे होतो, आणि कोणत्या महिन्यात कुठे, एवढंच तो टक्का सांगत होता. मिस्त्रींना मी मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो, ते मागे घेतलं.

मग घोळ झाला. ऑक्टोबरमध्ये संभाजीनगरला होतो, ब्रेक वाजत होते, म्हणून तिथल्या एका मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये पॅड बदलून घेतले. परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. सवयीने मेनू उघडला, तर १०० टक्के. वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा ३८ होते. पहिल्यांदा बरं वाटलं, वाटलं ऑइल फुकटात बदलून दिलं की काय. बिल काढलं. ब्रेक पॅड, लेबर, जीएसटी. ऑइल नाही, फिल्टर नाही. एखाद्या पोराने रीसेट मारून टाकला होता, बस. फोन केला तर "सर, त्याने काही फरक पडत नाही."

फरक पडतो. त्या मशीनला ऑइल दिसतच नाही, त्याने नव्याने मोजायला सुरुवात केली. ऑइल बघून ओळखता येईल म्हणाल, तर डिझेलचं नवं ऑइलही काही दिवसांतच काजळीने काळं होतं. रंगावरून काही कळत नाही. शेवटी ब्रेकच्या बिलाच्या मागे लिहून ठेवलं: दिसेल त्यातून ६२ वजा. म्हणजे गाडी ६२ दाखवेल तेव्हा माझा शून्य. दाराच्या आत परत एक पिवळा स्टिकर लागला, या वेळी माझ्या अक्षरात.

नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे, मागे आपण दुसऱ्या गिअरमध्ये. किलोमीटर होत नाहीत, फेऱ्या मात्र चालू. टक्का भराभर उतरत होता आणि ते योग्यच होतं. डिसेंबरात एकदा सहज ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) ओढली. फडक्याने पुसली, परत घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्या जेमतेम वर. अर्धा लिटर टाकलं तेव्हा पट्टीच्या मधोमध आलं. हे मशीनला कळलं नव्हतं आणि ओतल्यावरही कळलं नाही. स्क्रीनवर ७८ होते, ७८च राहिले. चेंबरमध्ये चार लिटर आहेत की तीन, कंपनीने सांगितलेलं ५ डब्ल्यू ३० ग्रेडचं आहे की कोपऱ्यावरचं सुटं, एअर फिल्टर फाटून रस्त्याच्या कामाची धूळ आत जातेय का, यातलं काहीच त्या हिशेबात नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा, सकाळी, सपाट जागेवर पट्टी बघायचीच.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर उलट बाजूनेही बघावं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना जादा डिझेल सोडलं जातं, ही सफाई मध्येच तुटली की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर "वा, कमी झालं नाही" म्हणून खूश होऊ नका.

जानेवारीत ६६ दिसत असताना, म्हणजे माझे चार उरलेले असताना, ऑइल-फिल्टर बदललं. नंतरच्या उन्हाळ्याने मला चुकीचं ठरवलं. एप्रिल-मेमध्ये नांदेडच्या चार-पाच फेऱ्या झाल्या, बाहेर ४२ डिग्री, एसी लावूनही घाम. वाटलं, आता टक्के धडाधड पडणार. टक्क्याला ९७-९८ किलोमीटर पडले, पावसाळ्यातल्या फिरतीइतकेच. बाहेर कितीही तापो, कूलंट नव्वदच्या आसपास ठेवणं हे थर्मोस्टॅटचं आणि रेडिएटरचं काम, ते ठीक असलं की झालं. आपल्याकडे उन्हाच्या धसक्याने मेमध्ये ऑइल बदलतात. क्लासच्या त्या अडीच किलोमीटरने मात्र माझ्या ऑइलचं जास्त नुकसान केलं.

तुमच्या गाडीत टक्के नसून नुसतं सर्व्हिसचं पान्याचं चिन्ह आणि उरलेले किलोमीटर येत असतील तर एवढं तपासा: शहरातल्या महिन्यात आणि लांबच्या महिन्यात उरलेला आकडा वेगवेगळ्या वेगाने उतरतो का? किलोमीटरला किलोमीटर असाच उतरत असेल तर तो साधा काउंटर. इथल्या पुष्कळ गाड्यांत तोच असतो. मग हिशेब तुम्हालाच करावा लागेल.

गेल्या आठवड्यात ६ टक्क्यांवर परत ऑइल बदललं, मिस्त्रींकडेच. चेंबरचा बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू दिलं, घाई केली नाही. मग चावी ऑन करून मी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबून बसलो, रीसेटचा मेसेज येईपर्यंत. ते खिडकीतून बघत होते. "झालं का शंभर?" म्हणाले. झालं म्हटल्यावर नवा पिवळा स्टिकर काढला, त्यावर तारीख टाकली, आजचे किलोमीटर लिहिले, आणि पुढच्या ऑइलची जागा कोरी सोडून पेन माझ्या हातात दिलं.

"हे तुमीच लिवा. टीव्ही बघून."