नऊ महिन्यांनंतर: आवडत्या दुकानाच्या चादरी, पडदे आणि दोन शर्ट

चादर वजनकाट्यावर ठेवणारी बाई तुम्हाला जरा चक्रम वाटेल. मलाही वाटली असती. पण गेल्या महिन्यात कपाट आवरताना एकाच दुकानाच्या, एकाच मापाच्या दोन चादरी हाती आल्या आणि उचलताक्षणीच फरक कळला. एक अकरा वर्षांपूर्वीची, दुसरी नऊ महिन्यांची. पट्टीवर दोन्हींचं माप तेच, २३० बाय २६० सेंटीमीटर. जुनी भरली ७९० ग्रॅम, तीही इतकी वर्षं धुऊन झिजल्यावर. नवी ६६०.

दुकानाचं नाव लिहीत नाही. कपडे आणि घरसजावट दोन्ही एका छताखाली विकणारं, एके काळी सगळ्यांचं लाडकं असलेलं दुकान, एवढं पुरे. मी तिथली गेल्या वीस वर्षांची गिऱ्हाईक. नऊ महिन्यांपूर्वी घराला रंग काढला, तेव्हा दुसरीकडे बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. दोन चादरी अभ्र्यांसकट, बैठकीच्या खोलीचे पडदे, चार टॉवेल, उशांच्या खोळी, एक शर्ट आणि एक टीशर्ट, एवढं सगळं एका फेरीत घेतलं. दुकानात हात फिरवला तेव्हा सगळं कसं लोण्यासारखं मऊ लागत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी चादर. नव्या चादरीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘थ्रेड काउंट ४००’ असं छापलंय. जुनीवर होतं २००. म्हणजे हिशेबाने नवी दुप्पट दाट हवी, मग वजनाला हलकी कशी? भिंग आणि पट्टी घेऊन बसले. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून होणारी संख्या. जुनीत मोजले ते १९६ भरले. नवीत १९८. तीन वेळा मोजले. मग नव्या चादरीच्या काठातून एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडला, तर आत दोन केसासारख्या बारीक तारा. दोन तारांचा पीळ देऊन एक धागा करायचा आणि मोजताना त्याला दोन धरायचं, असा तो हिशेब. मोजणीच्या प्रमाण पद्धतीत पिळलेला धागा एकच धरतात, पण पाकीट छापणाऱ्याला ते कोण विचारतं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

खरं तर आकड्यापेक्षा कापसाच्या तंतूची लांबी महत्त्वाची असते. लांब तंतूंचा, विंचरून आखूड तंतू काढून टाकलेला कापूस असला की धागा गुळगुळीत होतो आणि त्याची टोकं बाहेर येत नाहीत. आखूड तंतूंचा धागा दुकानात तसाच दिसतो, पण झोपताना अंग घासतं तसतशी टोकं वर येतात आणि त्यांचे गोळे होतात. आमच्या नव्या चादरीवर दुसऱ्याच महिन्यात खांद्याच्या आणि टाचांच्या जागी बारीक गोळे आले. त्यात सुताबरोबर पॉलिएस्टर मिसळलेलं. चादरीला शिवलेल्या माहितीच्या पट्टीवर लिहिलंय, मीच वाचलं नाही, कारण या दुकानात पट्टी वाचायची सवयच मला कधी लागली नव्हती. नुसत्या सुती कापडाचे गोळे काही धुण्यांत गळून पडतात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो. जातच नाहीत.

आणि तो लोण्यासारखा स्पर्श? तो कापडाचा नव्हताच. विणून झाल्यावर कापडावर सिलिकॉनचं मऊ करणारं द्रावण चढवतात. पाचसहा धुण्यांत ते निघून गेलं आणि खालचं कापड उघडं पडलं. चांगली सुती चादर याच्या नेमकी उलट वागते. नवी असताना थोडी कडक आणि धुण्यागणिक मऊ. जुनी चादर पहिल्या आठवड्यात मला खरखरीत वाटली होती, हे मला स्वच्छ आठवतंय.

चादरीवरचं छापकाम हा आणखी एक सल. जुनीचा निळा रंग फिका झालाय, पण सगळीकडे सारखा, आणि हाताला छपाई लागत नाही. नवीवर फुलं जिथे आहेत तिथे बोटाला पापुद्रा जाणवतो. सुती कापडासाठीचे रिॲक्टिव्ह रंग १९५६मध्ये बाजारात आले. त्यांचा कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध होतो, म्हणजे रंग तंतूचाच भाग बनतो. पण छापल्यावर वाफवा, धुवा, पुन्हा धुवा असा व्याप आणि पाण्याचा खर्च त्यात असतो. पिगमेंट छपाईत रंग एका चिकट द्रव्याने कापडाच्या वरच्या थरावर बसवतात आणि गरम करून पक्का करतात. स्वस्त आणि झटपट. ती नीट केली तर वाईट नसते, पण आमच्या चादरीवर घड्यांच्या रेषांवरून फुलं तुटली आहेत. ओलं पांढरं फडकं घासलं तर गुलाबी होतं.

टॉवेल मात्र उत्तम. पहिली दोन धुणी पाणी टिपत नव्हते, तेच ते मऊ द्रावण, पण नंतर सुधारले. अजून धाग्याचा एकही फासा ओढला गेलेला नाही. खोळींबद्दल बोलायला नको, चेन तिसऱ्यांदा उघडताना हातात आली.

पडद्यांनी मला खरं रडवलं. लांबी २१० सेंटीमीटर, जमिनीपासून बोटभर वर येतील अशा बेताने घेतलेले. पट्टीवर लिहिलेल्या तापमानालाच, थंड पाण्यात धुतले आणि पहिल्याच धुण्यात २०३ झाले. सात सेंटीमीटर आटले. आता खालून जमिनीचा पट्टा दिसतो, जसा वाढत्या मुलाच्या पँटखालून घोटा दिसतो. कापड आटू नये म्हणून शिवण्याआधी ते यंत्रावर मुद्दाम दाबून आटवून घेण्याची पद्धत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३०च्या सुमारास आणली. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आणि तसं कापड नंतर एक टक्क्याहून कमी आटावं अशी अपेक्षा असते. नव्वद वर्षं जुनी गोष्ट आहे ही, काही नवा शोध नाही. बरं, आटले तर आटले, खालची दुमड उसवून लांबी वाढवावी म्हटलं. उसवायला घेतलं तर आत जेमतेम दीड सेंटीमीटर कापड. माझ्या जुन्या पडद्यांची दुमड चार बोटं रुंद, दोनदा दुमडलेली, कोपऱ्यात पडदा सरळ पडावा म्हणून शिवलेलं छोटं वजन. दोन पडदे शेजारी आले की नक्षी जुळायची. नव्यांत एका पडद्यावरचं अर्धं पान दुसऱ्यावरच्या फांदीला भिडतं.

इथे मला त्या दुकानातल्या एका बाईंची आठवण येते. घरसजावटीच्या मजल्यावर असायच्या, पन्नाशीच्या पुढच्या. मी पहिल्यांदा पडदे घ्यायला गेले तेव्हा मी रंग बघत होते, त्यांनी पडदा उलटा करून माझ्या हातात दिला.

‘‘ताई, आधी आतून बघा. टीप मोजा हवी तर.’’

इंचाला बारा टाके. हे मोजायचं असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. नव्या शर्टाच्या बगलेत मी आता आठ मोजले. जुन्या शर्टाच्या बाजूच्या शिवणीत कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोनदा टीप मारलेली असायची, आतून एक सुटा दोरा दिसायचा नाही. नव्यात नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कडेवरून दोऱ्याची गुंफण, आणि तेही पाचव्या महिन्यात उसवलं. जादा बटण नाही. काजाच्या कडेचे दोरे पहिल्याच दिवशी लोंबत होते. टीशर्टची बाजूची शिवण फिरून पोटावर आली आहे. विणलेल्या होजिअरीच्या कापडात धाग्याचा पीळ मोकळा व्हायला बघतो, म्हणून अंगच तिरकं होतं. कापड नीट मुरवून, सरळ करून कापलं तर हे बरंच टळतं. पण मुरवायला वेळ लागतो ना.

शिवण उसवल्यावर शर्ट घेऊन मी दुकानात गेले. त्या बाई आता नाहीत. पूर्वी एका मजल्यावर चारपाच माणसं असायची, आता एक विशीतला मुलगा खोकी फोडत होता, स्कॅनर त्याच्या कमरेला.

‘‘मॅडम, गरम पाण्यात धुतलात का?’’

‘‘गरम पाण्याने शिवण उसवते?’’

‘‘नाही, पण सिस्टिममध्ये कारण टाकावं लागतं.’’

मला हसू आलं. त्याचं काय चुकलं? तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती, त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने सौजन्याने एक सवलतीचं कूपन दिलं. म्हणजे वाईट शर्टाबद्दल दुसरा वाईट शर्ट थोडा स्वस्तात.

या दुकानाच्या आतल्या व्यवहाराची मला काही खबर नाही. पण अशी दुकानं कशी उतरणीला लागतात याच्या गोष्टी उघड आहेत आणि त्या वाचताना ओळखीचं बरंच सापडतं. लॉरा ॲशली ही ब्रिटिश कंपनी घ्या. १९५३मध्ये लंडनमध्ये नवराबायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड छापून सुरुवात केली. पुढे त्यांचे फुलाफुलांचे झगे आणि भिंतीचे कागद जगभर गेले. लॉरा १९८५मध्ये वारल्या, त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली. नंतरची बरीच वर्षं चढउतारांत गेली आणि मार्च २०२०मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या हाती गेली. नाव आणि नक्षी मात्र विकली गेली, आणि ते नाव लावलेल्या वस्तू आता दुसऱ्यांच्या दुकानांत मिळतात. ब्रिटिश होम स्टोअर्सचं तर त्याहून करुण. १९२८ साली स्थापना, कपडे आणि घरसामान दोन्ही, आणि २०१५मध्ये अख्खी साखळी १ पौंडाला विकली गेली. पुढच्याच वर्षी सगळी १६४ दुकानं बंद. निवृत्तिवेतन निधीतली तूट ५७ कोटी पौंडांच्या घरात.

गिऱ्हाईक म्हणून मला दिसणारी खूण एकच आहे: सेल. पूर्वी वर्षातून दोनदा असायचा आणि आम्ही त्याची वाट बघायचो. आता कधीही जा, लाल पाटी लटकलेली. कायमच सेल लागत असेल तर खरी किंमत ती सेलचीच, हे दुकानालाही ठाऊक असतं. मग त्या किमतीत नफा बसवायला कापड त्या मापाने निवडायचं. आधी किंमत ठरते, मग तंतू, मग टाके, मग दुमड. नक्षीला कोणी हात लावत नाही, कारण ती लांबून दिसते. माझा राग नेमका त्यावर आहे. या दुकानाची रंगसंगती आजही बाकीच्यांपेक्षा उजवी आहे! नक्षी काढणारा माणूस अजून मन लावून काम करतोय आणि त्याच्या फुलांखालचं कापड बदलून टाकलंय.

चूक माझीही आहे. आतून बघायला मला तिथेच शिकवलं होतं आणि मी तिथेच ते विसरले.

घ्यावं का, असं कोणी विचारलं तर टॉवेल घ्या. पडदे घ्यायचेच असतील तर दहा सेंटीमीटर लांब घ्या, घरी धुवा आणि मग दुमड घालून घ्या. चादरीचं पाकीट न वाचता पट्टी वाचा. शर्ट दुसरीकडे.

जुनी चादर मध्यभागी विरली होती. आईने सांगितलं तशी ती मधोमध उभी फाडली, धडधाकट काठ मध्ये आणून जोडले आणि विरलेला भाग कडेला घालून दुमडला. मध्ये शिवण आली, पाठीला पहिले दोन दिवस जाणवली. आता त्याच चादरीवर झोपतो. नवी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आहे.

गेल्या आठवड्यात दुकानाचा मेसेज आला की माझे वीस वर्षांचे साठलेले पॉइंट महिनाअखेर बाद होणार. गेले. तासभर दुकानात फिरले, सगळं उलटं करून बघितलं, आणि सहा लाकडी हँगर घेऊन आले. हँगर चांगले आहेत.