एक मालक, पाच जणांचं कौन्सिल की सगळ्यांचं मतदान? छोट्या ओपन सोर्स ग्रुपने काय घ्यावं

मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे, मराठी शुद्धलेखन तपासायचं टूल बनवतोय, सगळे नोकऱ्या सांभाळून रात्री बसणारे, आणि आता दोघांमध्ये वाजलंय, तर निर्णय कसे घ्यायचे याचे नियम लिहून ठेवावेत का आणि कुणाचे कॉपी करावेत. लिहा, आणि दोघांतच वाजलंय तोवर लिहा, कारण गट पडले की नियमाची प्रत्येक ओळ कुणाला तरी आपल्यावरच लिहिलीय असं वाटायला लागतं.

मी हे स्वतः बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका भाषांतराच्या ग्रुपमध्ये होतो, तिथे 'फाईल' ठेवायचं की 'धारिका' यावरून पेटलं. एकाने रविवारी रात्री बसून सगळीकडे धारिका केलं, दुसऱ्याने सोमवारी सकाळी लोकलमध्ये बसून परत फाईल केलं, असं तीनदा झालं, आणि ह्यात कॉलेजची दोन पोरं जी खरं काम उपसत होती ती कंटाळून गेली ती गेलीच. कुठला शब्द बरोबर हा वाद कधी मिटणारच नव्हता, पण शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं ना.

तर तीन पद्धती आहेत. तिन्ही मोठ्या प्रोजेक्टांत वापरून झाल्यात आणि तिन्हीत जोरदार राडे झालेत, त्यामुळे राडा होणारच नाही अशी पद्धत शोधत असाल तर इथेच थांबा.

पहिली, एकच मालक. ओपन सोर्सवाले, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून सॉफ्टवेअर बनवणारे, त्याला गमतीने तहहयात प्रेमळ हुकूमशहा म्हणतात. पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तिचे जनक गिडो व्हॅन रोसमनी १९९१ पासून २०१८ पर्यंत हे केलं आणि भाषा जगभर पसरली. ह्याचा फायदा एकच पण मोठा, निर्णय लागतो. तुमच्यातल्या एकानेच सुरुवात केली असेल आणि बहुतेक कोड त्याचा असेल तर पहिली एक-दोन वर्षं असंच चालतं, चालू द्या. प्रॉब्लेम दोन ठिकाणी येतो, मालक थकला की आणि मालक चिडला की.

थकल्याचं उदाहरण गिडोच. पेप ५७२ म्हणून एक प्रस्ताव होता (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव), वॉलरस ऑपरेटरचा, म्हणजे कोलन आणि बरोबर जोडून एक चिन्ह, बस. त्यावर इतकं भांडण झालं की प्रस्ताव मंजूर करून जुलै २०१८ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की मी बाजूला होतोय, वारस नेमत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

चिडल्याचं उदाहरण वर्डप्रेस, वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि हे आपल्याकडच्या शेकडो फ्रीलान्सरांनी अंगावर घेतलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेगनी डब्ल्यूपी इंजिन ह्या होस्टिंग कंपनीशी ट्रेडमार्क आणि योगदानावरून उघड भांडण काढलं, मग वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून त्या कंपनीचा ॲक्सेस बंद, मग लॉगिन करताना एक चेकबॉक्स आला की माझा त्या कंपनीशी संबंध नाही, टिक केल्याशिवाय आत सोडणार नाही, आणि ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं एक अतिशय पॉप्युलर प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं सॉफ्टवेअर) डिरेक्टरीतल्या त्याच पानावर वेगळ्या नावाने स्वतःकडे घेतलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ॲक्सेस परत द्यायला आणि चेकबॉक्स काढायला लावला. कोण बरोबर ते बाजूला ठेवा. लोकांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा, वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही वेबसाईट वर्डप्रेस फाउंडेशन ह्या संस्थेची नाही तर मुलनवेगांची स्वतःची आहे हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. कोड सगळ्यांचा, पण दार एकाचं!

दुसरी, कौन्सिल. गिडो गेल्यावर पायथनवाल्यांकडे सात प्रस्ताव आले, एकच नेता ठेवा इथपासून ते नेताच नको इथपर्यंत, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल ठरलं. पुढच्या वर्षी पहिलं कौन्सिल निवडून आलं, त्यात गिडोपण होते, पाचातले एक म्हणून. मला ह्यातले दोन नियम फार आवडतात. एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक कौन्सिलवर बसू शकत नाहीत, आणि कोअर डेव्हलपरांपैकी, म्हणजे पायथनचा मुख्य कोड सांभाळणाऱ्यांपैकी, दोन तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव आणून एकाला किंवा अख्ख्या कौन्सिलला घरी पाठवता येतं. म्हणून भांडणं संपली असं नाही, २०२४ मध्ये एका अतिशय ज्येष्ठ कोअर डेव्हलपरला वागणुकीच्या कारणावरून तीन महिने सस्पेंड केलं तेव्हा केवढं वादळ उठलं. पण निर्णय कुणी घेतला आणि जाब कुणाला विचारायचा हे तरी सगळ्यांना माहीत होतं.

तिसरी, सगळ्यांचं मतदान, आणि त्याचं उदाहरण डेबियन, लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणजे सोसायटीची एजीएम समजा, फक्त मेंबर हजाराच्या आसपास आणि सगळ्यांनी बायलॉज खरंच वाचलेले. १९९८ पासून लिखित राज्यघटना आहे, दरवर्षी लीडरची निवडणूक होते, आणि कुठल्याही डेव्हलपरला पाच अनुमोदक मिळाले की सगळ्यांचं मतदान घेता येतं. मत एकालाच द्यायचं नसतं, पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि यातलं काहीच नको हाही एक पर्याय असतो.

ऐकायला मस्त आहे पण २०१४ बघा. सिस्टिमडी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणारं सॉफ्टवेअर, डिफॉल्ट करायचं की नाही यावर टेक्निकल कमिटीत आठ जणांची मतं चार-चार पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. तेवढ्यावर संपायला हवं होतं ना, नाही संपलं. नोव्हेंबरपर्यंत पुन्हा सगळ्यांचं मतदान झालं आणि त्याचा निकाल काय तर असल्या ठरावाची गरजच नाही. त्याच महिन्यात कमिटीतल्या तिघांनी राजीनामे दिले आणि नाराज लोकांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. २०१९ मध्ये परत तोच विषय, ह्यावेळी सात पर्याय, आणि आठवा पर्याय 'अजून चर्चा करूया'. तरीसुद्धा डेबियन टिकलंय आणि रिलीज येतायत, कारण हरलेल्याला निदान मोजणीवर शंका घेता येत नाही. पण ह्याला माणसं लागतात, मतदान चालवणारा सेक्रेटरी वेगळा, वाद ऐकणारी कमिटी वेगळी. नऊ जणांत हे करायला गेलात तर सगळेच पदाधिकारी आणि कोड लिहायला कुणी नाही, आपल्याकडची मंडळं आठवा.

चौथा पर्याय कुणी लिहीत नाही पण तो कायम असतो, कोड घेऊन वेगळं होणं. ओपनऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर ओरॅकल कंपनीच्या हातात गेल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये लोकांनी लिबरऑफिस काढलं, कोड नेता आला पण नाव नेता आलं नाही, ते तेव्हा ओरॅकलकडेच राहिलं. आज बरेच जण लिबरऑफिसच वापरतात म्हणजे चाललं ते, पण तुमच्या नऊ जणांत दोन चुली झाल्या तर दोन्ही विझतील असं मला वाटतं.

तर माझं मत, तुम्ही तीन जणांचं कौन्सिल घ्या, मुदत एक वर्ष, आणि एका ऑफिसातले दोघं त्यात नकोत (तुमच्यातले चार जण एकाच कंपनीत आहेत म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय). तिघांचा निर्णय सहा जणांनी मिळून फिरवता यावा आणि फिरवला की निदान सहा महिने तो विषय परत काढायचा नाही. डेबियनचं एकच उचला, मतदानात 'यातलं काहीच नको' ठेवा. मालक पद्धतच हवी असेल तर मालक कसा बदलायचा ते त्याच्याच हाताने लिहून घ्या, तो खुशीत असताना.

आणि हे सगळं लिहायच्या आधी एक काम करा, डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याचे पैसे कुणाच्या कार्डवरून जातात, रेपोचा (कोड जिथे ठेवलाय त्या जागेचा) ॲडमिन कोण, टेलिग्राम ग्रुपचा ॲडमिन कोण ते एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर दुसरं एक नाव घाला. आमच्या त्या ग्रुपमध्ये डोमेन ज्याच्या नावावर होतं त्याने नोकरी बदलली, जुना ऑफिसचा ईमेल बंद झाला, रिन्यूची नोटीस तिकडेच जात राहिली. साईट गेली तेव्हा होमपेजवर धारिका होतं की फाईल तेसुद्धा आता कुणाला आठवत नाही.