स्टार वॉर्सच्या फिगर: जुन्या केनर घ्याव्यात की नव्या हॅस्ब्रो?

भाचा शिकायला कोलंबसला आला आणि पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं, "मामा, दोनशे डॉलर बाजूला काढलेत. स्टार वॉर्सच्या जुन्या फिगर, म्हणजे सिनेमातल्या पात्रांच्या खेळण्यातल्या बाहुल्या, घेऊ की नव्या?" मी गेली चौदा वर्षं ओहायोतले जुने बाजार आणि यार्ड सेल, म्हणजे घरासमोर मांडलेली जुन्या सामानाची विक्री, पालथे घालतोय. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो, कारण याच प्रश्नावर अडलेले बरेच जण भेटतात.

जुन्या म्हणजे सिनसिनाटीच्या केनर कंपनीने 1978 ते 1985 या काळात काढलेल्या पावणेचार इंची फिगर. मे 1977 मध्ये सिनेमा लागला तेव्हा कंपनीकडे खेळणी तयार नव्हती. म्हणून त्या नाताळात त्यांनी फिगर नसलेलं पाकीट विकलं. आत एक प्रमाणपत्र असायचं, ते पोस्टाने पाठवलं की पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू-डी-टू घरी यायचे. पोरांनी वाट पाहिली! नव्या म्हणजे हॅस्ब्रोच्या. 2010 पासूनचं पावणेचार इंची व्हिंटेज कलेक्शन आणि 2013 पासूनची सहा इंची ब्लॅक सिरीज. 1991 पासून केनरही हॅस्ब्रोकडेच आहे, म्हणजे घराणं एकच.

फोटो काढायचे असतील, कपाटात लढाईचा प्रसंग उभा करायचा असेल, तर ब्लॅक सिरीज घ्या. कोपर, मनगट, गुडघा, घोटा सगळं वळतं आणि चेहरा पाहून नट ओळखू येतो. जुन्या फिगरला पाचच सांधे: मान, दोन खांदे, दोन मांड्या. गुडघा वाकतच नाही, डोळे म्हणजे रंगाचे ठिपके. ब्लॅक सिरीजची एक फिगर पंचवीस डॉलरच्या आसपास पडते आणि घरबसल्या मागवता येते. लोकप्रिय पात्रं संपतात, पण बऱ्याचदा पुन्हा निघतात. त्यामुळे दुप्पट पैसे मोजून घाई करू नका.

शोधात फिरायची मजा मात्र जुन्यातच आहे. त्यातही ओहायोत राहत असाल तर नशीबवान आहात. कंपनी इथलीच, त्यामुळे रंगाचे नमुने, कधी विक्रीला न आलेले प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या फिगर, हे बरेचदा जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरांतूनच बाहेर आले. एवढं मोठं घबाड मला सापडलेलं नाही. पण एका शनिवारी सकाळी, दव अजून वाळलं नव्हतं तेव्हा, एका आजींच्या टेबलावर बिस्किटांचा डबा दिसला. त्यात बटणं, खडू आणि तळाशी एक स्टॉर्मट्रूपर. उन्हाने पिवळा पडलेला, जुन्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखा. मांडीमागे बारीक उठावाची अक्षरं: जी.एम.एफ.जी.आय. 1977. जनरल मिल्स फन ग्रुप, केनरची तेव्हाची मालक कंपनी. ही अक्षरं बोटाला लागली की आजही माझ्या छातीत धडधडतं. आजींनी तीन डॉलर सांगितले, मी घासाघीस केली नाही.

जुन्याची खरी परीक्षा फिगरमध्ये नसते, हातातल्या शस्त्रात असते. पोरांनी बंदुका गालिच्यात, बागेत, व्हॅक्यूम क्लीनरमध्ये हरवल्या, म्हणून आज अस्सल बंदूक कधीकधी फिगरइतकीच महाग असते आणि नकली, म्हणजे रिप्रो, सर्रास विकल्या जातात. सुरुवातीला एका विक्रेत्याने 'शंभर टक्के मूळची' म्हणून दिलेली बंदूक मी घरी येऊन पाण्याच्या वाटीत टाकली, ती तडक तळाला गेली. केनरच्या बहुतेक अस्सल बंदुका तरंगतात. ही चाचणी अखेरची समजू नका, काही रिप्रोही तरंगतात. खात्रीची एखादी बंदूक शेजारी ठेवून रंग, चकाकी आणि कडा ताडून पाहणं हाच भरवशाचा मार्ग. जावा या बुटक्या पात्राच्या प्लास्टिकच्या झग्याबाबत तर दुप्पट सावध राहा. हा झगा लवकरच बंद होऊन कापडी आला, त्यामुळे मूळचा फार महाग आहे आणि बेन केनोबी या दुसऱ्या पात्राचा झगा कापून बनवलेले नकली झगे बाजारात फिरतात.

कार्डवरच्या, म्हणजे पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद असलेल्या, न उघडलेल्या जुन्या फिगर नवख्याने घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पैसा तर लागतोच, पण तो फुगा पुन्हा चिकटवलेलं कार्ड ओळखायला नजर तयार व्हावी लागते. या टोकाला किमती कुठवर जातात पाहा: पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट (सिनेमातला बक्षीस-शिकारी) कधी दुकानात आलाच नाही, त्याचा एक प्रोटोटाइप 2024 मध्ये लिलावात 5,25,000 डॉलरला गेला.

आणि 1995 पासूनच्या, नारिंगी कार्डावरच्या, फुगलेल्या दंडांच्या फिगर कोणी 'व्हिंटेज' म्हणून गळ्यात मारू पाहिल्या तर घेऊ नका. किमती चढतील या आशेने लोकांनी त्या खोकीच्या खोकी भरून ठेवल्या, त्यामुळे आजही त्यांना तोटा नाही.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. नव्वदच्या दशकात आपण फनस्कूल कंपनीच्या 'जी.आय. जो' या सैनिक फिगरशी खेळलो. तोच पावणेचार इंची आकार, जो केनरने रूढ केला. त्यातल्या भारतात रंग बदलून काढलेल्या फिगर आज अमेरिकेतले संग्राहक शोधत असतात. माळ्यावर असतील तर टाकू नका.

भाच्याला मी दोनशेतले दीडशे सुट्या, म्हणजे कार्डाबाहेरच्या, केनरसाठी ठेवायला सांगितले. 1983 च्या रिटर्न ऑफ द जेडायमधली साधी पात्रं दहा-वीस डॉलरला मिळतात, शस्त्रांसकट घ्यायची आणि आठ-दहावर थांबायचं. उरलेल्यात ब्लॅक सिरीजचा एक व्हेडर, त्याला फोटोचा नाद आहे म्हणून. पहिली फिगर त्याने स्वतः निवडली: इवॉक या केसाळ, बुटक्या प्राण्यांचा मांत्रिक लोगरे, अठरा डॉलर. मुखवटा, काठी आणि पिशवी, तिन्ही मूळची.