रेडीमेड फर्स्ट एड किट की घरीच भरलेला डबा?
रेडीमेड किट घेतलं की काम पटकन होतं, गाडीत ठेवायला तर तेच बरं. पण एकदा उघडून बघा, अर्धं किट छोट्या पट्ट्यांनीच भरलेलं असतं आणि गुडघा चांगला सोलवटला की जे लागतं, म्हणजे मोठं निर्जंतुक गॉज, पेपर टेप, क्रेप बँडेज, ते एकतर नसतं नाहीतर एकच असतं. मी घरीच डबा भरते, कारण त्यात आपल्या माणसांप्रमाणे सामान बसतं, आजोबांच्या गोळ्यांची यादी, मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेला पॅरासिटामॉलचा डोस, ओआरएस, काट्यासाठी चिमटा (मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने अजिबात देऊ नका). एक्सपायरी दोन्हीत बघावीच लागते. आणि भाजलं तर डबा कुठलाही असो तो नंतर, आधी २० मिनिटं नळाचं गार पाणी.